खडूच्या खुणेतले पाय

त्याचं काम बसण्याचं होतं. कुणी विचारलं, काय करता, तर तो म्हणायचा, "बसतो." समोरचा हसायचा. त्याला वाटायचं, गडी रिकामटेकडा आहे आणि निदान कबूल तरी करतो.

चित्रकला शिकवणाऱ्या एका महाविद्यालयात, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खिडक्यांच्या खोलीत, गुडघाभर उंचीचा एक लाकडी चौथरा होता आणि चौथऱ्यावर खुर्ची. त्या खुर्चीत तो बसायचा आणि भोवती अर्धवर्तुळात ईझल लावून मुलंमुली त्याचं चित्र काढायची. एक चित्र एका दिवसात होत नसे. तीच बैठक, तीच मान, तोच उजेड, असे आठवडेच्या आठवडे जायचे. मधल्या सुटीनंतर नेमकं त्याच जागी बसता यावं म्हणून वर्गातलं कुणीतरी त्याच्या अनवाणी पावलांभोवती खडूने रेघ ओढून ठेवायचं. सुटी संपली की तो चपला काढायचा, रेघांच्या आत पाय ठेवायचा, आणि पायांमागोमाग गुडघे, कंबर, मान, नजर सगळं आपापल्या जागी येऊन थांबायचं.

या कामाला तो लागला चुकून. आधी तो फर्निचरच्या दुकानात हमाली करत होता. एकदा हीच खुर्ची डोक्यावर घेऊन जिने चढून आला आणि धापा टाकत उभा राहिला. वर्गातले सर त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. सर बुटके, टकले, तापट. दाढीत कायम कुठला तरी रंग. ते म्हणाले, "बसाल का?" त्याला वाटलं, माणूस भला आहे. तो बसला. पाणी मागितलं. पाणी आलं नाही. वर पाहिलं तर सगळा वर्ग कागदावर तुटून पडलेला. "हलू नका!" सर ओरडले. पाण्याची वाट बघत तो जो बसला, तो बसलाच.

मुलांनी त्याचं नाव दगडोबा ठेवलं होतं. तोंडावर काका, पाठीमागे दगडोबा. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. कारण न हलणं म्हणजे काही न करणं नव्हे, हे त्यालाच माहीत होतं. जरा कुठे स्थिर झालं की नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. मग पोटरीत मुंग्या. मग कुठूनशी माशी. नव्याने या कामाला लागलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानाला तो शिकवत होता: "खाज म्हणजे आगंतुक पाहुणा. तिच्याकडे बघायचं नाही, या-बसा म्हणायचं नाही. दारात घुटमळते आणि जाते."

"आणि नाही गेली तर?" पैलवान म्हणाला.

"समोर जो असेल त्याच्या डोक्यावरचे केस मोजायचे."

"समोर टकला असला तर?"

"मग काम लवकर उरकतं."

त्या वर्षी खाज यायची बंद झाली.

त्याच्या ते ध्यानात आलं नाही. न आलेल्या पाहुण्याची नोंद कोण ठेवतो? वर्गाच्या ध्यानात आलं ते एवढंच की काका आता कमालीचे बसतात. सुटीची घंटा झाली तरी उठत नाहीत. मुलं चहा पिऊन परत आली तरी दगडोबा तिथेच, तसाच. "मानलं काका तुम्हाला," मुलं म्हणायची. तो हसल्यासारखं करायचा. ते हसू ओठांपर्यंत पोचायला वेळ लागायचा. पोचेपर्यंत बोलणारा पुढे गेलेला असायचा.

घरीही तो बसायचा. बायको एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती, दिवसभर उभी. "मी सदा उभी, हे सदा बसलेले," ती शेजारणीला सांगायची, "दोघांचं मिळून एक धड माणूस होतं." पण हल्ली ती विनोद करता करता थांबायची.

"अहो, तिथे बसायचा पगार मिळतो. इथे कशाला फुकट बसता?"

"कंटाळा आलाय."

"मग जरा फिरून या."

"त्याचाच कंटाळा आलाय."

हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की कानात थांबत नाही. भांड्यांचा कंटाळा, पाहुण्यांचा कंटाळा, त्याच त्या भाजीचा कंटाळा. कंटाळ्याने कुणी आजारी पडल्याचं कुणी ऐकलंय? पण त्याच्याजवळ दुसरा शब्द नव्हता. सकाळी डोळे उघडायचे म्हटलं तर पापण्यांचा कंटाळा. दात घासायचा ब्रश लोखंडाचा. जेवण म्हणजे ओला पुठ्ठा. बायकोच्या हातांना वाफेचा, गरम सुती कपड्याचा वास यायचा. तो त्याला फार आवडायचा. वास अजून येत होता. आवडणं थांबलं होतं. कुणीतरी खोलीतलं सगळं सामान जागच्या जागी ठेवून नुसता उजेड काढून नेला होता.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेची बैठक सुरू झाली. खुर्चीत बसलेला माणूस, हात मांडीवर सैल, नजर खिडकीकडे. याच चित्रावर मुलांचा निकाल ठरायचा. वर्गात एक जाड भिंगांची चष्मेवाली होती. सर तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि पेटले.

"हा खांदा कुठे निघालाय? घसरगुंडी आहे का ही?"

"सर, तसाच दिसतोय."

"तसाच दिसतोय! इतकी वर्षं मी तो खांदा बघतोय." सरांनी एक डोळा मिटला, हात लांब केला, ब्रशच्या दांड्यावर अंगठा सरकवत हनुवटीपासून गळ्याच्या हाडापर्यंतचं अंतर घेतलं. मग पुन्हा घेतलं. मग आतल्या खोलीत गेले आणि जुन्या चित्रांच्या गठ्ठ्यातून एक काढून आणलं. तीच खुर्ची, तीच बैठक, कुणा जुन्या विद्यार्थ्याने काढलेली. ते त्यांनी चष्मेवालीच्या चित्राला लावून धरलं.

चष्मेवाली बरोबर होती. खांदे उतरले होते. मान छातीत रुतत चालली होती. माणूस बसलेला नव्हता, साचलेला होता.

सरांनी वर्गाला चहाला पिटाळलं आणि स्वतः चौथऱ्याच्या कडेला टेकले. "काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. जरा कंटाळा."

"केव्हापासून?"

तो आठवायला लागला, आणि आठवायचं सोडून दिलं.

"माझी थोरली बहीण असंच म्हणायची," सर म्हणाले. "आम्ही तिला लोकर आणून दिली. म्हटलं, विणत बस." "लोकर अजून घरात आहे. ती नाही." मग उठून त्यांनी दाढी खाजवली. "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं."

"पण मला ताप नाही."

"म्हणूनच यायचं."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत एक कागदी फूल होतं. सर बाहेर थांबले.

"कंटाळा कशाचा येतो?" बाईंनी विचारलं.

"सगळ्याचा."

"कामाचा?"

"काम तर बसायचंच आहे. बसणं सोपं झालंय. उठायचा कंटाळा."

"जगायचा?" त्यांनी त्याच आवाजात विचारलं, जणू मिठाचा डबा कुठे असतो असं विचारत होत्या.

"अधूनमधून."

"जिवाचं काही बरंवाईट करावं, असं वाटलं?"

"त्याचाही कंटाळा," तो म्हणाला. दुसरं कुणी हे ऐकून हसलंही असतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा आळस नाही, आणि स्वभावही नाही. याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे, आणि यावर औषधं आहेत. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात. त्यातला एक निरोप्या म्हणजे सेरोटोनिन. निरोप दिला की पेशी त्याला परत आत ओढून घेते. ही गोळी त्याला थोडा जास्त वेळ बाहेर थांबू देते. गोष्ट एवढी सोपी आहे असं मी म्हणणार नाही. पण पुष्कळांना गुण येतो, एवढं खरं. यायला काही आठवडे लागतात. त्रास मात्र आधी सुरू होऊ शकतो."

"म्हणजे उलटंच."

"उलटंच." आता त्या पुढे वाकल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघत सावकाश बोलू लागल्या.

आणि तिथेच घोटाळा झाला. इतक्या वर्षांच्या सवयीने, कुणी चेहऱ्याकडे असं रोखून बघितलं की तो आपोआप बैठकीत जायचा. नजर एका जागी रुतायची, कान बंद व्हायचे. त्याने कागदी फुलावर डोळे लावले. सुरुवातीला चुळबुळ वाढली तर, नको ते विचार वाढले तर वाट न बघता लगेच या, गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे सगळं बाईंनी सांगितलं. कुणी विचारलं असतं तर त्या फुलाला पाकळ्या किती, हे त्याने बरोबर सांगितलं असतं.

गोळ्या घ्यायला तो बायकोच्या धाकट्या भावाकडे गेला. तो एका औषधांच्या दुकानात काउंटरवर असायचा. सगळे त्याला छोट्या म्हणायचे, जरी दुकानाच्या दारात त्याला वाकावं लागेल इतका तो उंच होता.

"दाजी, ही चिठ्ठी तुमची?" छोट्याने आवाज खाली आणला. "अहो, चेहरा असा काय करता? या खणातलं निम्मी गल्ली खाते."

"सगळ्या एकच का या?"

"छे. घराणी वेगळी." छोट्याला समजावून सांगायला आवडायचं, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. "ही तुमची एसएसआरआय. हल्ली सुरुवात बहुधा हिच्यापासून. शेजारी हिची चुलत बहीण, एसएनआरआय. ती एकाऐवजी दोन निरोप्यांना थोपवून धरते. जुनाट अंगदुखीलाही देतात, फक्त रक्तदाबावर लक्ष ठेवायचं. वरच्या खणात आजोबा, ट्रायसायक्लिक. कामाला खमके, पण तोंडाला कोरड, पोट गच्च, दिवसा गुंगी, आणि हृदयाचं दुखणं असलं तर जपून. जास्त पोटात गेल्या तर जिवावरच बेततं, म्हणून हात राखून देतात."

"आणि ते कोपऱ्यातलं एकटं खोकं?"

"ते पणजोबा. एमएओ इनहिबिटर. क्वचित कुणी नेतं. त्यांचे मान-पान फार. मुरवलेलं चीज नको, आंबवलेलं अमुक नको, अमकी गोळी शेजारी बसवू नका. चुकलं की रक्तदाब भडकलाच. आणि या खालच्या दोघी कुठल्याच घराण्यात बसत नाहीत. एक झोप आणि भूक आणते, दुसरी तरतरी आणते आणि झोप घालवते."

"यातली चांगली कुठली?"

"नवरी बघताय का दाजी? ज्याला जी मानवेल ती चांगली."

"ताईला सांगू नकोस."

"मला माझं डोकं हवंय," छोट्या म्हणाला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बायकोला सगळं कळलेलं होतं.

ती भांडली नाही. सकाळी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन समोर उभी राहायला लागली.

पहिल्यांदा मळमळलं. मग एके सकाळी त्याच्या पायांत कुणीतरी जागं झालं. तो खुर्चीतून उठला, दारापर्यंत गेला, परत आला. बसला, उठला. धुतलेले कप पुन्हा धुतले. पुन्हा दारापर्यंत. हाड आणि मांस यांच्या मधल्या जागेत कुणीतरी चालत होतं, आणि तो चालला नाही तर ते आतल्या आत चालायचं. चाललं की घडीभर सुटका, थांबलं की परत. रस्त्याने तो उगाच दोन वळणं जास्त घ्यायचा. रांगेत उभा राहिला की पावलं आलटून पालटून उचलायचा, जमीन तापली असावी तशी. जेवताना मांडी हले, ताट हले, पेल्यातलं पाणी हले.

बायकोचा आनंद गगनात मावेना. तिने भावाला फोन लावला. "छोट्या, सोन्यासारखी गोळी आहे रे! आज यांनी कोपऱ्यातल्या जाळ्या काढल्या. स्वतः होऊन! पलंगाखालून झाडलं! दोनदा!"

तो झाडू हातात धरून ऐकत होता. हिला सांगावं, की हे मी करत नाहीये, माझ्याकडून करवून घेतलं जातंय? पण किती दिवसांनी ती अशी हसत होती. तिसऱ्यांदा झाडायला तो वाकला.

खरी फजिती चौथऱ्यावर झाली. खडूच्या रेघांत पाय ठेवला की पाय वैरी व्हायचे. आधी अंगठा, मग टाच, मग सगळं पाऊल रेघ ओलांडून बाहेर. त्याच्या कपाळावर घाम यायचा. खिडकी, नजर खिडकीवर. पण खिडकीबाहेर रस्ता होता, आणि रस्त्यावर लोक चालत होते.

"काका, डावा पाय."

"काका, मान."

"काका, प्लीज ना!"

चष्मेवालीने खोडरबर फेकलं. "माझ्या कागदावर काकांना आठ पाय झालेत. कोळी काढतेय मी, कोळी."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. पण परीक्षा जवळ आली होती. सुटीत ते त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या घेताय ना नीट?" तो म्हणाला, घेतोय. "मग हे काय?" पैलवान मोकळा आहे का, असं सरांनी मग विचारलं. ते त्याला लागलं. या कामाशिवाय त्याला कुणी काही म्हणून ओळखत नव्हतं. हमाली करायची पाठ केव्हाच गेली होती.

तो मधल्या गच्चीत गेला आणि कठड्यावर तळवे टेकून उभा राहिला. उभा कसला, थिरकत होता. तेव्हा तो जुना विचार आला. विचार ओळखीचा होता, अधूनमधून येऊन भिंतीला टेकून बसायचा. पण आतापर्यंत त्याला पाय नव्हते. आज त्याला पाय फुटले होते. त्याने कठड्यावरून हात असे उचलले जसे तापल्या तव्यावरून उचलतात, आणि पाठ भिंतीला घासत घासत आत आला.

गोळीनेच हे केलं, असं त्याने ठरवलं. निम्मं खरं ठरवलं. पण डॉक्टरीणबाईंकडे जायचं त्याला सुचलंच नाही. जावं असं कुणी सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं. दुसऱ्या सकाळपासून त्याने गोळी जिभेखाली धरली आणि बायको वळली की बेसिनमध्ये थुंकली.

काही दिवसांत पाय थकल्यासारखे झाले. मग निवले. येरझाऱ्या संपल्या, आणि दगड परत आला. तो आला हे त्याला पायांवरून नाही, दात घासायच्या ब्रशवरून कळलं. ब्रश पुन्हा लोखंडाचा झाला.

वर्ग खूश. रेघांत पाय, मांडीवर सैल बोटं, खिडकीकडे नजर. कागदांवरच्या कोळशाची खरखर सोडली तर आवाज नाही. "असं बसायचं असतं," कुणीतरी पुटपुटलं. चष्मेवालीने खांदा पुरा केला, छाती पुरी केली, हातांवर आली. सरांनी तिच्या मागून एकदा पाहिलं आणि ते पुढे गेले. सरांनी त्या दिवशी मोजमाप घेतलं नाही. घेतलं असतं तर थांबवावं लागलं असतं.

सुटीत चष्मेवाली हात पुसत त्याच्याजवळ आली. तिचा राग निवला होता. "काका, एक विचारू? मघाशी माशी तुमच्या ओठावर बसली होती. चांगली फिरली इकडून तिकडे. आम्ही सगळे बघत होतो. तुमची पापणीसुद्धा हलली नाही. कसं जमतं?"

"कुठली माशी?"

ती हसली. तिला वाटलं, काका थट्टा करतायत. "काय काका! कुठली माशी म्हणे."

ती गेली. त्याने ओठाला बोट लावलं. बोट ओठाला लागलं हे बोटाला कळलं. ओठाला उशिरा कळलं. आणि तेव्हा, किती तरी दिवसांनी, तो घाबरला. कठड्यापाशी वाटली होती ती भीती वेगळी. ही थंड होती. आपण बसतो म्हणून माशी बसते, असं आजवर त्याला वाटायचं. पण माशी कशावर बसते? माशीला सगळं सारखंच. तिने त्याच्यात आणि खुर्चीत फरक केला नव्हता.

घंटा झाली. तो रेघांत जाऊन बसला. गुडघे, कंबर, मान, नजर. कोळसे खरखरू लागले. ऊठ, तो स्वतःला म्हणाला. उत्तर आलं: कंटाळा. ऊठ. आता नको, हिची बोटं व्हायचीत. ऊठ. उठून काय होणार आहे? या बोलण्यात कितीतरी वेळ गेला, आणि वर्गाला वाटत होतं, काका आज काय बसलेत! मग त्याने सगळं शरीर उचलायचा नाद सोडला आणि फक्त टाच उचलली. डावी. ती उचलली गेली. ती त्याने रेघेच्या बाहेर ठेवली.

"काका, डावा पाय," कुणीतरी सवयीने म्हणालं.

त्याने उजवाही बाहेर ठेवला आणि उभा राहिला.

"काका?" चष्मेवालीचा आवाज चिरकला. "कुठे निघालात? माझे हात राहिलेत!"

"राहू देत."

"बसा!" सर ओरडले. मग त्यांचाच आवाज त्यांच्या कानावर पडला असावा. ते तसेच तोंड उघडं ठेवून उभे राहिले. तोवर तो चौथरा उतरून, ईझलांमधून वाट काढत दाराबाहेर गेला होता. खालच्या जिन्यापाशी त्याला मागून धडधड ऐकू आली. सर त्याच्या चपला हातात घेऊन पळत येत होते.

डॉक्टरीणबाईंना त्याने सगळं सांगितलं. गोळी थुंकल्याचंही, कठड्याचंही.

"पण मी तुम्हाला बजावलं होतं! असं काही झालं तर लगेच या म्हणून."

"मी ऐकलं नाही, बाई. तुम्ही माझ्याकडे बघत होता."

"बघितल्यावर ऐकू येत नाही?"

"माझं काम तसं आहे." आणि त्याने ते समजावून सांगितलं. बाई आधी चिडलेल्या होत्या. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ती जी तगमग होत होती, ती मनात होती की पायांत?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्याने स्वतःलाही नाही. त्याने डोळे मिटून नीट आठवलं. "मन तर जागचं हललं नव्हतं. पायच निघाले होते. मनाला ओढत नेत होते."

"मग तो गोळीचा त्रास. सगळ्यांना होत नाही, तुम्हाला झाला. अकॅथिसिया म्हणतात. तुम्हाला वाटलं आजार बळावला, घरच्यांना वाटलं बरे झालात. दोन्ही चूक. आणि अशा तगमगीत माणूस जिवाला मुकतो, म्हणून मी सांगितलं होतं लगेच या. ती गोळी आता नको. दुसऱ्या जातीची देते, रात्री झोपताना घ्यायची. झोप येईल, भूक लागेल, वजन वाढेल. हीसुद्धा मानवेलच असं नाही. नाही मानवली तर आणखी आहेत. पण आता दर आठवड्याला यायचं, आणि एकटं नाही."

सरांनी निरोप दिल्यावर बायको लॉन्ड्रीतून तशीच आली होती, मनगटावर ताजा चटका घेऊन. दारातच तिचा बांध फुटला. "मला वाटलं तुम्ही बरे झालात! आणि मी तुमच्याकडून जाळ्या काढून घेत होते! सांगायचं नाही का हो?"

"तू हसत होतीस."

"जळलं मेलं माझं हसणं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याला अगदी चिकटून बसली, जणू तो पुन्हा उठून चालू लागेल.

परीक्षेची चित्रं पुरी करायला सरांनी पैलवानाला खुर्चीत बसवलं. मुलांनी दगडोबाच्या धडाला पैलवानाचे हात लावले. चष्मेवालीने लावले नाहीत. तिने चित्र तसंच दिलं: हात नुसत्या रेषांचे, आणि पायांच्या जागी पाय नाहीत, फक्त जमिनीवरच्या खडूच्या खुणा. परीक्षकांनी विचारलं, पाय कुठायत? ती म्हणाली, "गेले." पुढच्या सत्रात पुन्हा काढून आणा, असा निकाल लागला. जिन्यात भेटल्यावर ती त्याला म्हणाली, "काका, माझं सत्र गेलं." तो "हो" म्हणाला.

नवी गोळी हळू होती. पहिले दिवस तो पेंगत असे, बोलता बोलता हनुवटी छातीवर. मग भूक आली, आणि अशी आली की छोट्या म्हणाला, "दाजी, ताट तेवढं ठेवा." मग एखादी सकाळ जरा हलकी, तिच्यामागून दोन जड. बाईंनी मात्रा वाढवली. एका संध्याकाळी बायकोने त्याच्या कपाळाला हात लावला, आणि वाफेचा वास आला, आणि तो आवडला. त्याने तिला सांगितलं नाही. सांगितलं तर जाईल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो गेलाच. पण नंतर परत आला.

सत्र सुरू झाल्यावर सरांनी त्याला बोलावून घेतलं. खुर्ची कुरकुरली. "वाढलात," सर म्हणाले आणि स्वतः गुडघ्यावर बसून त्याच्या पावलांभोवती नवी रेघ ओढली. जुन्या खुणा पुसल्या तरी लाकडात पांढुरक्या राहिल्याच होत्या. समोर चष्मेवाली, नवा कागद लावून. तिच्या कपाळावर आठी होती.

गुडघे, कंबर, मान, नजर. त्याला धास्ती होती पायांची. तो पायांवर पहारा ठेवून बसला. पाय गप्प होते. मग त्याला दुसऱ्याची धास्ती वाटू लागली, त्या दगडाची. तो येतोय का, म्हणून तो आत कान देऊन बसला. एक भीती सोडावी तर दुसरी. याच्यात वर्गाने चेहऱ्याचा आराखडा केला.

आणि तेवढ्यात नाकाच्या शेंड्यावर काहीतरी झालं.

आधी त्याला ते ओळखूच आलं नाही. माशी असेल. माशी नव्हती. बारीक, चिवट, बिनकामाचं काहीतरी, नाकाच्या डाव्या बाजूने वर चढणारं. बघायचं नाही, या-बसा म्हणायचं नाही. ते गेलं नाही. वाढलं. डोळ्यांत पाणी आलं. केस, केस मोजायचे. त्याने खिडकीच्या दिशेने समोर पाहिलं, तर बरोबर मधे सर उभे होते, आणि सरांच्या डोक्यावर मोजण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या पोटातून हसू वर आलं. आता दोन गोष्टी दाबायच्या होत्या.

"काका," चष्मेवाली म्हणाली, "नाकपुडी हलतेय."

"खाजतंय गं," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मागे तर माशी बसली होती तरी हलला नव्हतात."

"तेव्हा खाजत नव्हतं."

तिने मान वर केली. चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं मोजायला नाही, नुसतंच. मग पुन्हा कागदाकडे वळली. "घंटेपर्यंत थांबा," ती जरा हळू म्हणाली. "नाकच चाललंय."

तो थांबला. घाम आला, डोळे वाहिले, मांडीवरची सैल बोटं आवळली गेली आणि त्याने ती एकेक करून परत सैल केली. बसणं त्याला इतकं कठीण कधी गेलं नव्हतं. घंटा झाली तेव्हा तो बैठक मोडून, दोन्ही हातांनी, सगळ्या वर्गासमोर, नाक लाल होईपर्यंत खाजवत सुटला.